तिसरीतला मुलगा: तोंडी हिशेब चोख, वहीत वजाबाकी चूक. मदत हवी आहे

मुलगा तिसरीत, मराठी माध्यम. गोष्टीची पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचतो, पण गणिताची वही काढली की पोटात दुखायला लागतं.

परवा 52 वजा 27 चं उत्तर लिहिलं 35. घाईत चुकला असेल म्हणून मागची पानं चाळली, तर सगळीकडे तेच. वर 2, खाली 7, तर हा सरळ सातातून दोन काढतो. "मोठ्यातून लहान वजा करायचं ना, आई?" काय बोलणार, पहिलीत मीच तसं सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी भाजीवाल्या मावशींना पन्नासची नोट दिली, भाजी 27 ची. त्यांचा हिशेब व्हायच्या आत हा म्हणाला, "तेवीस." कसं रे? "सत्तावीसवर तीन दिले की तीस, मग वीस."

दुसरी अडचण, त्रेसष्ट म्हटलं की 36 लिहितो. तोंडात तीन आधी येतो, म्हणून हातातूनही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आलं तेव्हा मीही हसले होते. आता घरी गुपचूप 'साठ तीन, त्रेसष्ट' असं जोडीने म्हणवून घेते. सासऱ्यांचं म्हणणं, पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे जुने पाढे, पाठ करून घ्या, सगळं सुटेल. रोज वाद.

उभी मांडणी काही दिवस बंद ठेवू का? की कुणाला दाखवायला हवं?

प्रतिसाद:
ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं लहान वर्गांना शिकवलंय. 35 हा निष्काळजीपणा नाही. पोराने नियम लावलाय, फक्त चुकीचा. आइस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून. पाच गठ्ठे, दोन सुट्या. मग म्हणा, सत्तावीस दे. सुट्या पुरणार नाहीत. रबर त्यालाच काढू द्या, तुमचे हात शिवशिवतील तरी. आठवडाभर वही नको. नंतर प्रत्येक उत्तराचा ताळा त्याच्याच पद्धतीने: 27 त 35 मिळवले तर 62 होतात, 52 नाही.

त्रेसष्टसाठी 60 चं कार्ड करा आणि त्यातल्या शून्यावर 3 चं ठेवा. 'साठ तीन' चालू द्या, पण गुपचूप कशाला? बाईंना सांगा. काड्या हातात असूनही महिनोन्महिने अडला, किंवा 7 मोठा की 9 हेही मोजून बघावं लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. भाजीच्या किश्श्यावरून मला तरी तसं वाटत नाही.

धागाकर्ती:
सर, काल बसलो. पाच मिनिटं गठ्ठ्याकडे नुसता बघत होता. मग रबर काढला आणि म्हणाला, "आता सुट्या बारा झाल्या की!" 25 आलं. त्रेसष्ट अजून 36 च आहे. आज कार्डं कापतेय.