अनुभव धागा: जाड्या-रड्याच्या गोतावळ्यात

लॉरेल-हार्डी म्हणजे आपले जाड्या-रड्या. त्यांच्या चाहत्यांची 'सन्स ऑफ द डेझर्ट' ही संस्था 1965 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली. लॉरेल-हार्डींचे चरित्रकार जॉन मॅकेब हे तिच्या संस्थापकांपैकी एक. लॉरेल-हार्डींच्या 1933 च्या चित्रपटात याच नावाचं एक मंडळ आहे, तिथूनच नाव उचललं. गावोगावच्या शाखांना 'टेंट' म्हणतात, प्रत्येक टेंटला त्यांच्या एखाद्या सिनेमाचं नाव असतं आणि अध्यक्ष असतो 'ग्रँड शेख'. लाल फेझ टोप्या घालून मंडळी जमतात, जेवतात, सिनेमे बघतात.

आपल्यातले काहीजण परदेशात या कार्यक्रमांना जातात असं गप्पांमधून कळलं, म्हणून हा धागा. बैठक, सहल, नवी बातमी, काहीही लिहा. सिनेमाच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत; तुम्ही काय पाहिलंत, कोण भेटलं, ते सांगा.

ग्लासगोहून

इथे ट्राँगेट रस्त्यावर ब्रिटानिया पॅनोप्टिकन हे जुनं नाट्यगृह आहे. 1906 मध्ये सोळा वर्षांचा स्टॅन लॉरेल पहिल्यांदा रंगमंचावर उभा राहिला तो इथेच. खाली दुकान आणि वर ही वास्तू, त्यामुळे रस्त्यावरून जाताना पत्ताही लागत नाही. मी गेले तेव्हा आत थंडी मी म्हणत होती. सगळे कोट-मफलर घालूनच बसलेले. बाजूला पियानोवर एक बाई आणि पडद्यावर 1929 चा मूकपट 'बिग बिझनेस', दोघं भर उन्हात ख्रिसमसची झाडं विकायला निघतात तो.

घरमालक झालेल्या जेम्स फिनलेसनचा चेहरा दिसला आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मला क्षणभर कळेना. शेजारच्या आजींनी सांगितलं, "तो आमचा, लार्बर्टचा!" लार्बर्ट म्हणजे इथलंच, स्कॉटलंडमधलं गाव. नंतरची तोडफोड सुरू झाली तसा पियानोही चढत गेला. हार्डीने कॅमेऱ्याकडे बघितलं की वाजवणाऱ्या बाई हात उचलून थांबायच्या, हशा ओसरू द्यायच्या आणि मग पुढे. हे सिनेमे हशाला जागा सोडून बांधलेत, हे घरी एकटीने मोबाइलवर बघताना कधीच जाणवलं नव्हतं. ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा तरी भरल्या सभागृहात बघाच.

मँचेस्टरहून

आम्ही दोघं अल्व्हर्स्टनला जाऊन आलो, स्टॅनचं जन्मगाव. आर्गाइल स्ट्रीटवरचं ते घर अगदी छोटं, साधं. तिथलं संग्रहालय बिल क्युबिन नावाच्या गृहस्थांनी स्वतः जमवलेल्या वस्तूंमधून 1983 मध्ये उभं राहिलं. एका माणसाच्या वेडातून अख्ख्या गावाला ओळख मिळाली, याचं मला फार अप्रूप वाटतं. कोरोनेशन हॉलपाशी दोघांचा पुतळा आहे, दिव्याच्या खांबाला टेकून उभे, पायाशी कुत्रा. 1947 मध्ये त्याच हॉलच्या सज्जातून दोघांनी गावकऱ्यांना हात केला होता. आम्हाला तिथे एक डच कुटुंब भेटलं. भाषेची बोंब, पण आमच्या ह्यांनी हार्डीसारखा टाय हलवून दाखवला आणि ओळख झाली!

अटलांटाहून

हार्डीचं गाव हार्लेम, जॉर्जिया. 1892 चा जन्म. ऑक्टोबरमधल्या उत्सवाला आम्ही मुलांना घेऊन जातो. मिरवणूक, खाण्याचे स्टॉल, दोघांसारखं दिसण्याची स्पर्धा. छोटं गाव, पण त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. पार्किंगसाठी सकाळी लवकर पोहोचा.

लॉस एंजेलिसहून

'द म्युझिक बॉक्स' मधला पियानो ज्या पायऱ्यांवरून वर नेतात त्या सिल्व्हर लेक भागात व्हेंडोम स्ट्रीटला अजून जशाच्या तशा आहेत. 133 पायऱ्या. या सिनेमाला 1932 सालच्या छोट्या विनोदी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून मी नको म्हणत होतो, तर ते कठड्याला धरून निघालेसुद्धा! प्रत्येक टप्प्यावर थांबून "इथून घसरला बघ" असं आईला दाखवत होते.

याच पायऱ्यांवर 1927 मध्ये 'हॅट्स ऑफ' चित्रित झाला होता. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. टेंटमधली जुनी मंडळी भेटली की विषय हमखास तिथे येतो. कुठल्या तरी माळ्यावर, कुठल्या तरी डब्यात असेल, अशी आशा अजून कोणी सोडलेली नाही.

पुण्याहून

वरच्या आशेला आधार आहे म्हणून लिहिते. 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' मधली केकफेकीची मारामारी कित्येक दशकं तुकड्यातुकड्यांतच बघायला मिळत होती. 2015 मध्ये संग्राहक जॉन मिरसॅलिस यांना त्या सिनेमाचं दुसरं रीळ सापडलं आणि पुढे साफसूफ केलेली आवृत्ती सगळ्यांसाठी आली.

ती आम्ही गणपतीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडदा लावून दाखवली. सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर ज्येष्ठ नागरिक. मूकपट म्हणून मुलं चुळबुळ करतील अशी धास्ती होती. पण पहिला केक चेहऱ्यावर बसला आणि जी आरडाओरड सुरू झाली, ती शेवटपर्यंत. तिसरीतला एक मुलगा प्रत्येक नव्या माणसाला "अरे, खाली वाक!" म्हणून ओरडत होता. संपल्यावर पुन्हा लावायला लागलं. यंदा 'बिग बिझनेस' लावायचा विचार आहे. ग्लासगोकर ताई, पियानोऐवजी आमच्याकडे हार्मोनियम वाजवणारे काका आहेत. कुठे थांबायचं ते त्यांना जरा लिहून पाठवाल का?