वर्गाचा ब्लॉग: पोरांसाठी की साहेबांसाठी?

साक्रीकडचा मास्तर
परवा इथे एका ताईंनी लिहिलं, ‘शाळांचे ब्लॉग ही शिक्षकांची चमकोगिरी. पोरांना धड वाचता येत नाही आणि हे निघाले ब्लॉग लिहायला.’ खाली अंगठ्यांची रांग. दोन रात्री डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, सातवीत तेवीस पोरं. निबंध सांगितला की तेवीस वह्यांत एकच पावसाळा: धरती हिरवा शालू नेसते. आमच्या माळावर जुलैतही धुरळा उडतो, तरी शालू. कारण वाचणारा मी एकटा, आणि मास्तरला काय आवडतं ते चौथीपासून पाठ.

दोन वर्षांपूर्वी वर्गाचा ब्लॉग काढला. आठवडाभर वहीत लिहायचं, शनिवारी मोठ्याने वाचायचं, वर्गाने दोन निवडायची, ती माझ्या फोनवरून टाकायची. एकाने घरच्या कांदाचाळीवर आठ ओळी लिहिल्या. खाली कुणा अनोळखी बाईंनी विचारलं, ‘ढिगाच्या आतला कांदा सडलाय हे बाहेरून कसं कळतं?’ त्या पोराने तोवर पानभर काही लिहिलं नव्हतं. या प्रश्नाला त्याने दोन पानं लिहिली. खालच्या फटीतून पाणी ठिबकायला लागतं. चिलटं त्याच कप्प्याशी घोंगावतात. सकाळी वास कुठून येतो ते आजी सांगते, मग बाजूची पट्टी काढून हात घालायचा, मऊ लागला की तिथूनच ढीग फोडायचा. मी शेतकऱ्याचा मुलगा, मलाही यातलं निम्मं माहीत नव्हतं. विचारणारं कुणी होतं म्हणून ते वहीत उतरलं.

एक आई, डोंबिवली
ती ताई मीच. तुमच्या कांद्याच्या पोराबद्दल एक अक्षर वाकडं बोलणार नाही. पण माझं ऐका. मुलीच्या शाळेच्या ब्लॉगवर तिचा फोटो, पूर्ण नाव, तुकडी आणि खाली तिचाच निबंध, ‘माझी शाळेची बस’. बस कुठल्या नाक्यावर थांबते, घरापर्यंत ती एकटी किती पावलं चालते, सगळं. नऊ वर्षांची पोर. काढा, असं मी म्हणाले तर उत्तर मिळालं, ‘प्रवेशाच्या फॉर्मवर तुमची सही आहे.’ तीन आठवडे फेऱ्या घातल्या. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांची माहिती डिजिटल वापरायची तर पालकांची खात्रीशीर संमती लागते, असं स्वच्छ लिहिलंय. फॉर्मच्या मागच्या पानावरची सही म्हणजे संमती नाही. तुम्ही घरोघरी जाऊन विचारलंत का?

खडू आणि डस्टर
ताई बरोबर बोलल्या. मी केंद्रप्रमुख होतो. २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाचा जीआर आला आणि वर्षभरात जो तो ब्लॉग काढू लागला. आज उघडून बघा. परिपत्रकं, वेतननिश्चितीचं एक्सेल, कवितांच्या एमपीथ्री, वर पळती अक्षरं. पोराने लिहिलेली एक ओळ दाखवा! मास्तरांना कामाचे ते ब्लॉग, ते असू देत. पण ‘वर्गात ब्लॉग’ या नावाखाली आम्ही फोटो आणि लिंका वर पाठवत बसलो आणि फळ्याकडे पाठ फिरली. ‘सरल’ या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरायला रात्री दोन वाजता उठायचो, तेव्हा साईट चालायची. असं जागलेल्या मास्तरला आता ब्लॉगही सांभाळायला सांगता?

साक्रीकडचा मास्तर
सर, मला कुणी सांगितलं नव्हतं. वर एकही लिंक पाठवलेली नाही.

अनुस्वार
तुमच्या आधीच्या एका चर्चेतून ब्लॉग शोधून वाचला. कांदाचाळ उत्तम. पण ‘पाणि’, ‘आजि’? अंत्य इकार दीर्घ, एवढी गोष्ट सातवीला येऊ नये? एका ठिकाणी तर चक्क ‘पाणी पडी ऱ्हायनं’. वहीतली चूक वहीत राहते, लाल शाईने सुधारते. इथे ती जगभर जाते आणि दुसरी मुलं ती वाचून शिकतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२चे चार, एकूण अठरा. दोन महिन्यांत शिकवून होतात.

खानदेशी पोर
‘चक्क’ म्हणजे काय हो? ती अहिराणी आहे, चूक नाही. पाऊस पडतोय, असं म्हणायचंय त्या पोराला, आणि त्याच्या घरात पाऊस असाच पडतो.

तिसरीत असताना बाईंनी विचारलं, आई का आली नाही? मी उभं राहून म्हणालो, ‘मनी माय निंदाले गयी.’ म्हणजे माझी आई निंदायला गेली. अख्खा वर्ग हसला, बाईही हसल्या. त्यानंतर दहावीपर्यंत मी वर्गात स्वतःहून तोंड उघडलं नाही. सात वर्षं! आज पुण्यात चांगल्या पगारावर आहे, तरी मीटिंगमध्ये बोलण्याआधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघतो. तुमच्या अठरा नियमांची ही किंमत.

अनुस्वार
मी कुणाच्या बोलीला हसलेलो नाही. माझ्यावर त्या बाईंचं पाप टाकू नका. प्रमाणभाषा आली नाही तर उद्या स्पर्धा परीक्षेत याच पोराचे गुण जातील, तेव्हा तुमची सहानुभूती त्याला नोकरी देणार आहे का? तीस वर्षं मुद्रितशोधन केलंय. भाषेवर प्रेम आहे म्हणूनच जीव तुटतो.

खानदेशी पोर
प्रेम असेल तर आधी त्याने काय लिहिलंय ते वाचा. तुम्हाला कांद्याआधी वेलांटी दिसली!

हस्तलिखितवाली
दोघेही जरा थांबा. सांगलीकडे वीस वर्षं मुलांकडून हस्तलिखित अंक काढतेय, म्हणून बोलते. १९२०च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने नावाच्या मास्तरने वर्गात छोटा छापखाना आणला. मुलं स्वतःचे अनुभव लिहायची, स्वतःच छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायची आणि अंक दुसऱ्या शाळांना पाठवायची. मास्तर, तुमचा विचार शंभर वर्षं जुना आहे आणि तो चांगला आहे. पण खिळा जुळवणारं पोर एकेक अक्षर बोटात धरून बघतं. माझ्या मुलीही सुवाच्य प्रत करताना शब्दापाशी थांबतात, विचारतात, ‘बाई, ही पहिली की दुसरी?’ शुद्धलेखन तिथे शिकवून होतं, नियम पाठ करून नाही. तुमच्याकडे टायपिंग कोण करतं?

साक्रीकडचा मास्तर
खरं सांगतो. पहिलं वर्ष पोरं टाइप करत होती. एक फोन, तेवीस हात, जोडाक्षरापाशी अडायची, शनिवार संपायचा. मग बोलून टाइप करायला लागलो. ती चूक झाली. फोन ‘निंदाले’चं भलतंच काही करतो आणि पोर बघतही नाही.

अनुस्वार
बोलीबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो. प्रत्यक्ष कुणाच्या तोंडचं बोलणं असेल तर उच्चाराप्रमाणे लिहायला नियमांतच मुभा आहे, हे मलाच आठवायला हवं होतं. ‘पाणि’ मात्र मागे घेणार नाही. ती अहिराणी नाही.

खानदेशी पोर
नाही. ‘पाणि’ चूकच आहे. एवढं मान्य.

एक आई, डोंबिवली
वेलांटीवर गाडी गेली आणि माझा प्रश्न राहिला. दुसरंही विचारते. २०१२मध्ये स्कॉटलंडमधली नऊ वर्षांची मुलगी शाळेतल्या जेवणाचे फोटो काढून ब्लॉग लिहायची. कौन्सिलने फोटो बंद करायला लावले, बोंब झाल्यावर बंदी उठवली. तिला वडिलांची साथ होती आणि ब्लॉग तिचा होता. वर्गाचा ब्लॉग शिक्षकाच्या हातात असतो. तुमच्या पोराने लिहिलं, आज खिचडीत अळी निघाली, तर टाकाल?

खडू आणि डस्टर
कुणी टाकणार नाही. टाकलं तर सोमवारी नोटीस. आणि असलं खरं टाकायचंच नसेल तर मुलं पुन्हा शालूच लिहिणार. अकरावीच्या युवकभारती या मराठीच्या पुस्तकात अनुदिनी, म्हणजे ब्लॉग, लेखनाचा पाठ आहे. माझ्या नातीने ब्लॉगची वैशिष्ट्यं मुद्देवार पाठ केली, ब्लॉग एकही लिहिला नाही.

साक्रीकडचा मास्तर
ताई, तुमच्या प्रश्नाला रात्रभर उत्तर शोधत होतो.

मार्चमध्ये एका मुलीने लिहिलं की शाळेची टाकी तीन दिवस कोरडी आहे आणि मुली दुपारच्या सुट्टीत घरी जातात, त्या परत येत नाहीत. शनिवारी वर्गाने तेच निवडलं. मी म्हणालो, ‘हे पुढच्या आठवड्यात बघू.’ पुढच्या आठवड्यात तिने सहलीवर लिहिलं. टाकी भरली, पण तिच्या लिखाणामुळे नाही. ती तेव्हापासून बेतानेच लिहिते. मी विसरलो असं स्वतःला सांगत होतो. मी घाबरलो होतो.

संमतीचंही तसंच. पालकसभेत तोंडी विचारलं, माना हलल्या. घरोघरी गेलो नाही. काल रात्री बसून सगळ्या नोंदींवरची आडनावं काढली, फोटो काढले. घरांना उद्यापासून जातो.

ब्लॉग बंद करणार नाही. बोलून टाइप करणं बंद करतो, आठवड्याला एकच लेख गेला तरी चालेल.

एक आई, डोंबिवली
चमकोगिरी हा शब्द तुमच्यापुरता मागे घेते. आमच्या शाळेपुरता नाही. आणि त्या मुलीचं टाकीचं लिखाण?

साक्रीकडचा मास्तर
तिच्या वहीत आहे. शनिवारी आधी मुख्याध्यापकांना वाचून दाखवतो. मग तिला विचारतो, अजून टाकायचं आहे का.