साखळी पद्धतीच्या आरोग्य-व्यवसायात पैसे घालण्यापूर्वी

चुंबकीय गाद्या आणि आरोग्यरस विकणाऱ्या कंपनीत भावजींच्या आग्रहावरून सामील व्हावे का, असे डिचोलीच्या ताईंनी विचारले आहे. आतापर्यंतची चर्चा मालाच्या गुणांभोवतीच फिरली. माझ्या मते आधी कमाई कुठून येते ते पाहावे. योजनेबाहेरचे ग्राहक माल घेत असतील तर तो व्यापार आहे. परंतु मिळकत मुख्यतः नवे सभासद भरती करण्यावरच अवलंबून असेल तर ती पिरॅमिड योजना ठरते, आणि २०२१ च्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनी तिला स्पष्ट मनाई केली आहे. प्रत्येकाने सहा जण आणायचे म्हटले तर आठव्या पायरीवरच १६,७९,६१६ माणसे लागतात, आणि २०११ च्या जनगणनेत पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या अख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. थेट विक्रीच्या याच नियमांनुसार विक्रेता म्हणून सामील होणाऱ्याकडून प्रवेशशुल्क घेता येत नाही, म्हणून लेखी करार हाती आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

रसाच्या बाटलीवरील एफएसएसएआय (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) क्रमांक हा अन्नव्यवसायाचा परवाना आहे, तो रोग बरा होण्याचा पुरावा नव्हे. मधुमेह बरा होतो अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे. असा दावा ऐकून घरातील कोणाची चालू औषधे कृपया थांबवू नका. मला सर्वांत अधिक भीती याचीच वाटते. छापील दावे हाती असतील तर बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे लेखी तक्रार करता येते.