घसरण अहाबाच्या आधीची

बायबलमधल्या अहाब राजाने बआल या परक्या देवाची पूजा आणली आणि इस्राएल बिघडलं, असं म्हटलं जातं. पण घसरण त्याआधीच, उत्तरेकडच्या इस्राएल राज्याचा पहिला राजा यराबाम याच्यापासून सुरू झाली होती. लोक यरुशलेमच्या मंदिरात गेले तर पुन्हा दक्षिणेकडच्या यहूदाचा राजा रहबाम याच्याकडे वळतील, ही त्याची भीती. म्हणून बेथेल आणि दान इथे सोन्याची वासरं उभी केली, लेवी (मंदिरसेवेसाठी नेमलेला वंश) नसलेले याजक नेमले, सणही सातव्या महिन्याच्या १५ तारखेवरून आठव्याच्या १५ला नेला. देव मात्र मिसरातून (इजिप्तमधून) सोडवणारा तोच, असं सांगितलं. मला सगळ्यात घातक वाटते ती हीच सोय: नाव जुनं, पूजा नवी! पुढे इस्राएलचाच राजा येहूने बआलाचं मंदिर पाडलं, तरी वासरांना हात लावला नाही. इ.स.पू. ७२२च्या सुमारास इस्राएलची राजधानी शोमरोन पडली.

यहूदातही मोशेच्या पितळी सापापुढे धूप जळत होता. तिथल्या हिज्कीया राजाने तो फोडला.