पुस्तक की त्याच्यावरचा सिनेमा? मराठवाडेकरांनो, अनुभव सांगा

पुस्तक वाचणं चांगलं की त्याच्यावरचा सिनेमा बघणं, यावर पुण्या-मुंबईकडची मतं भरपूर वाचली. आपल्याकडचं कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हा धागा. नुसतं मत नको, अनुभव हवा. कुठलं पुस्तक, कुणासोबत वाचलं, सिनेमा कुठं पाहिला आणि काय झालं, ते लिहा. सुरुवात मीच करते.

माझ्या आईला अक्षरओळख नाही, पण पोथी ऐकण्यात तिचा जन्म गेला. श्रावणात आमच्या गल्लीत शिवलीलामृत लागायचं. एक वाचणार, बाकीच्या बाया ऐकणार. त्याच सवयीनं तिनं मला ‘श्यामची आई’ वाचायला लावलं. ती शेंगा फोडत बसायची, मी वाचायची. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई धोंड्यावर स्वतःचा ओला पदर पसरते, तो प्रसंग आला. आईनं मला थांबवलं. ‘थांब गं. ओल्या लुगड्याला माती लागली, आता ती नेसंल काय? दुसरं हाय का तिच्याजवळ?’ मग आम्ही कितीतरी वेळ श्यामच्या घरात किती लुगडी असतील यावर बोलत बसलो. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा तिनं पुढं शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलेला सिनेमा तो, वनमालाबाईंचं काम बघून आई पदरानं डोळे पुसत होती. पण एकदाही काही विचारलं नाही. सिनेमाला कुठं थांबवणार? मी पुस्तकाच्या बाजूची आहे ती यासाठी. आणि एकट्यानं वाचण्यापेक्षा मोठ्यानं वाचून दाखवलेलं पुस्तक मला जास्त मोलाचं वाटतं.

आता तुम्ही लिहा.

आष्टी, जि. बीड
आमच्या आबांनी बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मिलोच्या भाकरी अन् सुकडीवर दिवस काढले. मी कॉलेजात असताना ‘बनगरवाडी’ घरी आणली, ती त्यांनी माझ्याआधी वाचून काढली. पुस्तक लहानसं आहे, दुपारी धरलं तर दिवेलागणीला संपतं. शेवटी पाऊस दगा देतो, माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडतात, तिथं आल्यावर आबांनी पुस्तक पालथं ठेवलं आणि उठून गोठ्यात गेले. उरलेली पानं दुसऱ्या दिवशी वाचली. अमोल पालेकरांचा १९९५ चा सिनेमा आम्ही पुढं सोबत बघितला. माळ खरा, मेंढरं खरी, कुठं खोट काढावी असं काही नाही. तरी आबा म्हणाले, ‘वाचताना मला आपल्या वस्तीवरचे धनगर दिसायलते. आता हेच दिसतेत.’ त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण काहीतरी गेल्यासारखं त्यांना नक्की वाटलं. मला माणदेश माहीत नव्हता, त्यामुळं मला सिनेमानं दिलंच. ज्यानं दुष्काळ भोगलाय त्याला पडद्याची गरज नव्हती, असं मी समजतो.

लातूर
मी वाचनालयात पुस्तकं देते-घेते, त्यामुळे माझा अनुभव इतरांना बघून आलेला. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ ची. आमच्याकडं ती कपाटात असायचीच, मागणी अधूनमधून. फेब्रुवारी २०२५ मध्ये हिंदी सिनेमा लागला आणि कादंबरीला नंबर लागले. पोरं येऊन विचारायची, ‘मॅडम, सिनेमातलं कोणत्या पानापासून आहे?’ सिनेमा सुरू होतो शिवाजी महाराज गेल्यानंतर, बुऱ्हाणपूरच्या लुटीपासून. कादंबरीत तिथवर यायला शंभूराजांचं अख्खं बालपण आणि आग्र्याची वाट चालावी लागते. काहीजण पुस्तकाची जाडी बघूनच ते परत ठेवतात. पण जे आग्र्याच्या पुढं गेले ते पुरं वाचूनच घेऊन आले, हे मी टेबलाच्या या बाजूनं बघितलंय.

एक दहावीतला मुलगा मात्र कायम लक्षात राहील. सिनेमा बघून आला होता आणि त्याला एकच विचारायचं होतं, येसूबाईंचं पुढं काय झालं? रायगड पडल्यावर १६८९ मध्ये त्या मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये सुटल्या, हे सांगितल्यावर तो हिशेब करत राहिला. तीस वर्षं! त्या दिवशी त्यानं कादंबरी नेलीच नाही, मराठ्यांच्या इतिहासाचं पुस्तक नेलं. सिनेमा वाचक पळवतो असं म्हणणाऱ्यांना मी या मुलाबद्दल सांगते. आमच्या दारात तो सिनेमामुळंच आला.

नांदेड
मी ‘शाळा’ सिनेमा आधी पाहिला, मिलिंद बोकीलांची कादंबरी नंतर वाचली. बरेच जण म्हणतात असं उलटं करू नये. माझं काही बिघडलं नाही. शिरोडकर म्हटलं की केतकी माटेगावकरचाच चेहरा येतो, येऊ द्या. पण मुकुंदाच्या डोक्यात सतत जे चाललेलं असतं, मास्तर, बाई, घर, आणीबाणी, सगळ्यांवर त्याची जी टिप्पणी चालते, ते पुस्तकातच. सिनेमात तो गप्प उभा दिसतो आणि आत काय चाललंय हे आपण ओळखायचं. मला दोन्ही पाहिजेत.

जालना
रोलिंग मिलमध्ये बारा तास ड्युटी. भट्टीसमोरून घरी आल्यावर पुस्तक हातात धरलं की चार ओळींत झोप लागते. ‘नटरंग’ मोबाईलवर तुकड्या-तुकड्यानं पाहिला. आनंद यादवांची कादंबरी वाचलेली नाही. गुणाला नाच्या व्हावं लागतं ते बघून दोन दिवस चैन नव्हती. वाचणारा तेवढा दर्दी आणि बघणारा हलका, असं कुणी म्हणू नये, एवढंच मागणं आहे.

(जालन्याच्या दादांशी मी शंभर टक्के सहमत. ज्याला जसं जमतं तसं त्यानं घ्यावं.)

सोयगाव, जि. छत्रपती संभाजीनगर
इथं सिनेमा जिंकतो, ते पण सांगितलं पाहिजे. ‘जैत रे जैत’ ही गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ठाकर लोकांची, लिंगोबाच्या डोंगराची, मधमाश्यांची. जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये सिनेमा केला आणि गाणी लिहिली आमच्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी. अजिंठ्याच्या डोंगरालगत कोरडवाहू शेती करणारा माणूस, ‘रानातल्या कविता’ लिहिणारा, तो कोकणाकडच्या ठाकरांची गाणी लिहितो आणि ती त्यांच्याच तोंडची वाटतात. हृदयनाथांची चाल, स्मिता पाटीलची चिंधी. आमच्याकडं कापूस वेचताना बाया ती गाणी म्हणतात. कादंबरी मी दोनदा वाचली, उत्तम आहे, पण ढोल आणि गळा कागदावर कुठून येणार? महानोर २०२३ मध्ये गेले, त्या दिवशी आम्ही सिनेमाच लावला होता.

परभणी
‘सिंहासन’. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’, तेंडुलकरांनी एका पटकथेत बसवल्या. कोर्टात रोज राजकारणी बघतो. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो, तसं वाचताना मला झालं नव्हतं. सिनेमाला पूर्ण मार्क.

धाराशिव
मला पुढचं बोलायचंय. रा. रं. बोराडे सरांची ‘पाचोळा’ १९७१ ची. शिंप्याच्या बायकोच्या तोंडून सांगितलेली, आणि तिची बोली अस्सल आपली. मी ती आजीला वाचून दाखवली तेव्हा आजी मधेच म्हणाली, ‘ही बाई कोणत्या गावची?’ तिला वाटलं ओळखीतली कुणी बोलायलीय. यावर कुणी नवा सिनेमा करणार असेल तर माझी छाती धडधडेल. मराठी पडद्यावर खेडं म्हटलं की कोल्हापूर-साताऱ्याची बोली ठरलेली. आपली माणसं तिकडची होऊन बोलतात आणि आपण पण टाळ्या वाजवतो. करणाऱ्यानं आधी दोन-चार महिने इकडं राहावं, बायांसोबत खुरपायला जावं, बाजाराच्या दिवशी एसटीत बसावं. तेवढं करणार असतील तर आमच्या घरी जेवायला-राहायला सोय आहे. नसतील तर आजीला मी परत पहिल्या पानापासून वाचून दाखवीन.