ट्रेलर ओढायचा तर आधी कोणाचे ब्रेक सुधारावेत : पिकअपचे की ट्रेलरचे?

रॉकीवासी :
अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी अलीकडे पिकअप घेतले आहेत आणि उन्हाळ्यात मागे कॅम्पर (राहण्याची सोय असलेला ट्रेलर) जोडून डोंगरात जाण्याची हौसही वाढली आहे. हौसेमागोमाग बाजार येतोच : छिद्रे पाडलेल्या ब्रेक डिस्क, लाल रंगवलेले कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे), ‘टोइंगसाठी खास’ पॅड. एफ-१५० किंवा सिल्व्हराडो १५०० यांसारख्या हाफ-टन म्हणवल्या जाणाऱ्या हलक्या वर्गातल्या पिकअपवर हा खर्च करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे माझे मत आहे.

जो तीन टनांचा ट्रेलर आपल्याला मागून ढकलतो, त्याने आपला भार आपणच थांबवला पाहिजे. इथल्या बहुतेक कॅम्परना विजेवर चालणारे ड्रम ब्रेक असतात. पिकअपमध्ये चालकापाशी असलेल्या ब्रेक कंट्रोलरकडून सात पिनांच्या जोडणीतून प्रवाह आला की ड्रमच्या आतले चुंबक फिरत्या ड्रमला चिकटून ओढले जाते आणि त्याच्या दांडीमुळे लायनर (ड्रमला आतून घासणारी अस्तरे) फाकतात. लायनर झिजले की अनेक ट्रेलरांत चाकामागच्या खाचेतून स्क्रूड्रायव्हर घालून ते हाताने जुळवावे लागतात, आणि नेमके हेच कोणी करत नाही. मग ट्रेलरचे ब्रेक नावापुरते उरतात, सगळा बोजा पिकअपवर पडतो आणि मालक पिकअपच्या नावाने बोटे मोडत बसतो. पैसे घालायचेच असतील, तर कंट्रोलरवर घाला. स्वस्तातला कंट्रोलर ठरवून दिलेल्या गतीने ठरलेली ताकद सोडतो. चांगला कंट्रोलर गाडी किती जोरात मंदावते आहे हे ओळखून त्याच प्रमाणात ट्रेलरला थांबवतो.

ऑस्टिनकर :
रॉकीवासी, आपले निदान मान्य आहे, पण उपचार अपुरा वाटतो. ट्रेलरची वीज ज्या जोडणीतून येते, ती बंपरखाली पाणी आणि हिवाळ्यातले मीठ खात लोंबकळत असते. ट्रेलर सुटून गेला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी आपत्कालीन कळ असते हे खरे. मात्र ट्रेलर जोडलेलाच आहे आणि फक्त पिनेतला संपर्क तुटला आहे, अशा वेळी ती कळ काहीही करत नाही. तेव्हा सगळा डोलारा एकट्या पिकअपच्या चार चाकांवर येतो.

थोडा हिशेब मांडतो. पिकअप आणि ट्रेलर मिळून ५,६०० किलो धरले, तर सहा टक्के उतारावर एक किलोमीटर खाली येताना सुमारे ३.३ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेच वजन ताशी १०० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवताना सुमारे २.२ मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते. जाड डिस्क म्हणजे ही उष्णता सामावून घेणारे जास्तीचे लोखंड आहे. छिद्रांच्या डिस्क मीही बसवणार नाही, कारण सतत तापल्यावर त्या छिद्रांपाशीच तडकतात. परंतु तापल्यावरही पकड न सोडणारे पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल यांना चैन म्हणणे मला पटत नाही. डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. हवेतली ओल शोषल्यावर तो १४० अंशांच्या आसपास येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की पाय फक्त वाफ दाबतो आणि पेडल सरळ तळाला जाते.

भटकभवानी :
ऑस्टिनकर, आपल्या हिशेबात वारा आणि टायर यांचा विरोध धरलेला नाही. कॅम्परसारखे उभे खोके ओढताना त्या ऊर्जेतला मोठा वाटा तोच खातो, आणि उरलेल्यातला बराचसा इंजिनाने खायचा असतो. ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा, हे आपल्याकडचे घाटातले ट्रकचालक सांगत आले आहेत. इथे त्यासाठी टो-हॉल मोडचे (गियर खालचाच ठेवून इंजिनाला गाडी रोखू देणारे) बटण आहे, इतकेच. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर आयसनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथून डेन्व्हरकडे येताना उतार संपला असे वाटते, तोच ट्रकचालकांना ‘फसू नका, पुढे अजून उतार आहे’ असे बजावणाऱ्या पाट्या लागतात. अशा ठिकाणी पेडल हलके दाबून ठेवणाऱ्याचे पॅड कोणत्याही कंपनीचे असोत, जळणारच. ठामपणे दाबावे, वेग पुरेसा उतरवावा आणि पाय पूर्ण काढून घ्यावा.

रॉकीवासी :
ऑस्टिनकर, ब्रेक ऑइल बदलणे ही देखभाल आहे, तिला सुधारणा म्हणून वादात आणू नये. मला खरी भीती आहे ती मोठ्या किटमुळे येणाऱ्या खोट्या भरवशाची. डिस्क बदला किंवा मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअरबॅग) घाला, चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली वजनाची मर्यादा त्यामुळे एक किलोनेही वाढत नाही. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हूकवर येतो, म्हणजे ३,००० किलोंच्या ट्रेलरचे ३०० ते ४५० किलो, आणि वर चार माणसे, सायकली, कूलर. हा भार मागच्या चाकांच्याही मागे पडत असल्याने पुढचा भाग उचलला जातो. थांबण्याचे मोठे काम पुढची चाके करतात आणि त्यांचीच रस्त्यावरची पकड घटते. भार पुढे वाटून देणारा हिच (ट्रेलर जोडण्याचा सांधा) नसेल, तर मोठ्या कॅलिपरमुळे एवढेच होईल, की एबीएस थोडे आधी जागे होईल.

ऑस्टिनकर :
दारावरच्या आकड्याबद्दल दुमत नाही. पण ‘आधी ट्रेलर’ म्हणता, तर ड्रमपाशीच का थांबता? तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो, आणि लांब उतारावर नेमके तेच घडते. विजेच्या पंपावर चालणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक ट्रेलरलाच बसवता येतात. खर्च पिकअपच्या किटपेक्षा जास्त आहे, म्हणून त्याचे नाव कोणी काढत नाही. तो करायचा नसेल, तर पिकअपचे पॅड तरी चांगले घ्या, एवढेच माझे म्हणणे आहे.

रॉकीवासी :
वर्षाकाठी दोन सहली करणाऱ्याला हायड्रॉलिक डिस्क सुचवणे मला जड जाते. त्याने निघण्यापूर्वी रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी ३५-४० किलोमीटर वेगाने जावे आणि पिकअपच्या पेडलला पाय न लावता कंट्रोलरची हाताची कळ दाबून पाहावी. ट्रेलरने गाडी मागे खेचल्याचे स्पष्ट जाणवले नाही, तर त्या दिवशी लायनर जुळवल्याशिवाय निघू नये. पॅडच्या खरेदीचा विचार त्यानंतर करता येईल.