मदत हवी आहे: अंध रुग्णांना आमच्या पॅथॉलॉजी लॅबची वेबसाइट स्वतः वापरता यावी, यासाठी काय काय बदलू?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. तपासण्यांचं काम बहीण बघते. नोंदणी, हिशेब आणि वेबसाइट माझ्याकडे. घरी येऊन रक्त घ्यायची वेळ साइटवरून ठरवता येते, रिपोर्टही तिथूनच उतरवून घेता येतो.

मधुमेहाचे आमचे एक जुने रुग्ण आहेत. त्यांना दिसत नाही, पण स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून वाचणारं सॉफ्टवेअर) लावून फोनवर बँकेचे सगळे व्यवहार ते स्वतः करतात. आमच्या साइटवर मात्र त्यांना वेळ निवडता येत नाही, आणि रिपोर्टची पीडीएफ उघडली की फोन गप्प बसतो. मग शेजारच्या कुणाला तरी हाक मारून वाचून घ्यायचा. साखरेचा आकडा शेजाऱ्याला कळला तर एक वेळ चालून जाईल. एचआयव्हीची किंवा गरोदरपणाची तपासणी असेल तर? ज्याचा रिपोर्ट त्याला तो सर्वांत आधी कळला पाहिजे. हे मला मनापासून नीट करायचं आहे.

सध्या साइट अशी आहे: दरपत्रक म्हणजे एक फोटो. उपाशीपोटी यायचं का, वगैरे सूचना मराठीत आहेत, पण जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये. वेळ निवडायला रंगीत चौकोन, हिरवा म्हणजे मोकळा आणि लाल म्हणजे भरलेला. ओटीपीला सहा वेगळे रकाने आणि तीस सेकंदांची मुदत. रिपोर्ट आम्ही छापतो, त्यावर डॉक्टरांची सही होते, मग स्कॅन करून चढवतो. मर्यादेबाहेरचा आकडा नुसता लाल रंगात.

साइट बनवणारे म्हणतात, ‘कोपऱ्यात एक ॲक्सेसिबिलिटीचं, म्हणजे दिव्यांगांच्या सोयीचं बटण बसवून देतो, वर्षाची वर्गणी भरा, काम झालं. आणि तसाही कायदा फक्त सरकारी साइटना आहे.’ हे खरं का? आणि पैसे बेताचेच असताना आधी काय हाती घेऊ?

— लॅबवाली_ताई

कानसेन:
ताई, मी जन्मापासून अंध आहे. संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर रोज वापरतो, म्हणून आधी बटणाबद्दल बोलतो. अक्षर मोठं करणं, रंग बदलणं, मजकूर वाचून दाखवणं हे सगळं माझ्या फोनमध्ये आहेच. फोटोतलं दरपत्रक त्या बटणाने विश्वासाने वाचता येत नाही आणि रंगीत चौकोनाचा अर्थही त्याला ठाऊक नसतो. कधी कधी तर ते माझ्या स्क्रीन रीडरच्याच आड येतं. अमेरिकेत असं बटण विकणाऱ्या ॲक्सेसिबी कंपनीवर, आपलं साधन कुठलीही साइट ॲक्सेसिबिलिटीच्या निकषांत बसवतं असा खोटा दावा केल्याचा आरोप फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने तडजोडीत दहा लाख डॉलर भरायचं कबूल केलं. तुमची वर्गणी वाचवा.

दुसरं, तो डीटीपी फॉन्ट. याबद्दल कुणी बोलत नाही, पण मराठी साइटवर माझा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘उपाशीपोटी’ दिसत असलं तरी आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, त्यामुळे माझ्या कानावर निव्वळ गोंधळ येतो. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर आतही मराठीच साठवणाऱ्या पद्धतीत घ्या. एचटीएमएलच्या (पानाच्या कोडच्या) सुरुवातीला पानाची भाषा मराठी असल्याचं सांगा, म्हणजे मराठी आवाज बसवलेला असेल तर तो आपोआप लागू शकतो. कन्व्हर्टर वापरलात तर जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, तिथे हमखास चुका राहतात.

कोडकट्टा:
वेळ निवडायच्या चौकोनांबद्दल. ते बहुधा खरी बटणं नसून डिव्हवर, म्हणजे कोडमधल्या साध्या चौकटीवर, क्लिक लावून केलेले असणार. माऊस बाजूला ठेवून नुसत्या टॅब, बाणांच्या कळा, एंटर आणि स्पेसबारवर घरी रक्त घ्यायची वेळ ठरवून बघा. टॅब कुठे आहे ते दिसलंच नाही, तर फोकसची चौकट (आपण कुठे आहोत ते दाखवणारी) सीएसएसमधून, म्हणजे साइटच्या सजावटीच्या कोडमधून काढून टाकलेली आहे; ती परत आणायला सांगा. चौकोनांच्या जागी खरी रेडिओ बटणं (अनेकांतून एकच पर्याय निवडायची) घ्या आणि प्रत्येकाचं नाव ‘सकाळी ७ ते ७:३०, मोकळी’ असं पूर्ण लिहा. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या माणसालाही त्याचा उपयोग होईल.

ओटीपीला सहा रकान्यांऐवजी एकच ठेवा, त्यात पेस्ट करता आलं पाहिजे, आणि मुदत वाढवून द्या. रकान्यातली फिकट सूचना म्हणजे लेबल नव्हे. टाइप करायला लागलं की ती नाहीशी होते, म्हणून प्रत्येक रकान्याला स्वतंत्र लेबल हवं.

निकष म्हणून डब्ल्यूसीएजी २.२ या वेबसाइटच्या ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची एए पातळी धरा, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली. साध्या मजकुराचा मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ लागतो. लॅबवाल्यांची आवडती पांढऱ्यावरची फिकट निळी अक्षरं बहुतेक वेळा इथेच नापास होतात. वेव्ह किंवा ॲक्स या तपासणी-साधनांनी फुकट तपासता येतं, पण ‘दरपत्रक’ एवढंच वर्णन दिलेलं चित्रही या साधनांना चालतं. म्हणून एनव्हीडीए उतरवून घ्या, तेही फुकट आहे, आणि स्वतः कानाने ऐका.

वकीलबाई:
फक्त सरकारी साइटना, हे चूक. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ४६ मध्ये सेवा देणारे सरकारी आणि खासगी दोन्ही येतात. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या उल्लंघनांना पन्नास हजार ते पाच लाख. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी खटल्यात या कायद्याखालचा, ॲक्सेसिबिलिटीचे निकष सांगणारा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा सक्ती सांगतो आणि नियमातली मार्गदर्शक तत्त्वं ऐच्छिक होती. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. हा निकाल ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध याचिकाकर्त्यांच्या, केवायसीसंबंधीच्या याचिकांवरचा आहे.

लॅबवाली_ताई:
सगळ्यांचे आभार. बटण नको, हे ठरलं. युनिकोडचं काम आजच सुरू करते. पण रिपोर्टचं कसं करू? सही तर लागतेच.

कानसेन:
छापून स्कॅन करणं थांबवा. स्कॅन म्हणजे पुन्हा फोटोच. सॉफ्टवेअरमधून थेट पीडीएफ काढा आणि सही त्यातच डिजिटल करून घ्या. मजकूर कॉपी होऊ नये म्हणून पीडीएफ लॉक करत असाल तर स्क्रीन रीडरला परवानगी देणारी सेटिंग सुरू आहे ना ते बघा, नाहीतर पुन्हा तीच शांतता.

माझ्या मते त्याहून चांगलं म्हणजे लॉगिननंतर तोच रिपोर्ट वेबपानावर तक्त्यात द्या. तक्त्याला खरे शीर्षक-रकाने हवेत: तपासणी, आकडा, एकक, सामान्य मर्यादा, शेरा. मग मी एका ओळीवरून पुढे जाताना ‘हिमोग्लोबिन, आकडा ९.८, मर्यादा १३ ते १७, शेरा कमी’ असं सलग ऐकू येतं. मथळे नसले तर नुसते आकडे कानावर पडत राहतात, आणि कुठला आकडा कशाचा ते कळत नाही. लाल रंग राहू द्या, सोबत ‘कमी’ किंवा ‘जास्त’ हा शब्द हवाच.

मुग्धा_आई:
माझी मुलगी कर्णबधिर आहे. ‘अडचण आल्यास फोन करा’ एवढंच लिहिलेलं असलं की ती तिथेच अडकते. घरी येणाऱ्या माणसाशी संपर्कासाठी एसएमएस किंवा व्हॉट्सॲपचाही पर्याय द्या, आणि तिथे कुणीतरी खरंच उत्तर देईल एवढं बघा.

लॅबवाली_ताई:
मुग्धाची आई, हे लगेच करता येईल. कानसेनदादा, सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलले. डिजिटल सहीची सोय आमच्या आवृत्तीत आधीपासून आहे, फक्त सुरू करायची होती. आता रिपोर्टच्या तक्त्याचं चाचणीपान बनवतेय, त्यात खोटे आकडे असतील. तयार झालं की तुम्ही आणि आमचे ते रुग्ण, दोघांनी तपासून द्याल का? त्या कामाचे पैसे देणार आहे, कृपया नाही म्हणू नका.